घागरीतला गाळ आणि चित्राचं मनोगत

नाशिकच्या आमच्या चित्रकला कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी मला एकच प्रश्न विचारला. "हे सगळं कशाबद्दल आहे?"

भिंतीवर माझी अकरा चित्रं होती. शेजारी ए-फोर कागदावर छापलेलं, चित्रांबद्दलचं माझं मनोगत: "काळाच्या अखंड प्रवाहात मानवी अस्तित्वाच्या खुणा शोधण्याचा हा एक प्रयत्न." मी तेच वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. सर म्हणाले, "हे वाचलं मी. पण हाच कागद शेजारच्या मुलीच्या चित्रांजवळ लावला, तर कुणाला कळेल का?" शेजारी निफाडकडच्या माझ्या मैत्रिणीची द्राक्षबागांची चित्रं होती. कागद तिथेही बिनदिक्कत शोभला असता. मार्क ठीकठाक पडले, पण तो प्रश्न जाईना. ही गोष्ट २०१९ च्या उन्हाळ्यातली. आता ज्युनियर मुलंमुली सबमिशनच्या आठवड्यात फोन करतात, "दादा, थीम काय लिहू?" त्यांना फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगतो, ते एकदा सलग लिहून ठेवतोय.

आधी हे मान्य करा, की स्वतःचा विषय शोधायची आपल्याला सवयच नसते. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला आठवेल: स्मरणचित्राचा विषय पेपरात छापून येतो. बसस्टॉप, भाजीबाजार, विसर्जन मिरवणूक. आमचे चित्रकलेचे सर सांगायचे, तीन माणसं तरी हवीतच, एक पाठमोरं काढा, हात काढायचे वाचतात. त्या परीक्षांनी हात तयार झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नाव स्मरणचित्र आणि स्मरण मात्र कुणाचंच नाही! माझ्या भाजीबाजारात मी कधीच नव्हतो.

ही सवय कॉलेजातही सुटत नाही. २०१५ साली मी नुकताच दाखल झालो होतो आणि गावात कुंभमेळा होता. आमच्या अख्ख्या वर्गाने साधू काढले. जटा, चिलीम, भस्म. माझ्याकडे दोन वह्या भरून साधू आहेत आणि त्यातला एकही मला आठवत नाही. तीच गत गोदाघाटाची. नाशिकमध्ये जलरंगातल्या निसर्गचित्राचा दबदबा मोठा. शिवाजी तुप्यांसारख्या चित्रकाराचं काम बघत इथली मुलं मोठी होतात. त्यामुळे रविवारी सकाळी बोर्ड घेऊन घाटावर बसायचं, नारोशंकराचं देऊळ आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब उतरवायचं, मग मिसळ खाऊन घरी. हे जरूर करा. फक्त देऊळ चांगलं जमलं म्हणजे विषय सापडला, असं समजू नका.

दुसऱ्या वर्षी मी याहून वाईट गोष्ट केली. पैठणीच्या पदरावरच्या मोरांमध्ये वारली आकृत्या बसवल्या, मधोमध वारली चित्रांत असतो तसा एक सुंदर नक्षीदार चौक काढला आणि नाव दिलं 'माझी माती'. पेठ तालुक्यातला एक वारली मुलगा आमच्याच वसतिगृहात होता. त्याने बराच वेळ बघितलं आणि शांतपणे विचारलं, "लग्न कुणाचं आहे?" मला काही कळेना. मग त्याने सांगितलं, की हा चौक लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, सवाशिणी काढतात आणि आत पालघट देवी बसते. माझ्या चौकात आत एक मोर होता. माती त्याची, आणि 'माझी' मी म्हणत होतो. चित्र मी फाडलं नाही, ते अजून माळ्यावर आहे.

व्हायवानंतर आमच्या मॅडमनी मला एक काम सांगितलं. सगळ्या वर्षांच्या वह्या एका दुपारी जमिनीवर उघड्या मांडायच्या, चांगली-वाईट निवड करायची नाही, आणि स्टुलावर उभं राहून वरून बघायचं. मी तसं केलं. मॅडम माझ्या आधी बोलल्या. "ही आडवी रेघ काय आहे रे?"

खरंच होती. वहीमागून वही, पानाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात एक आडवी रेघ आणि तिच्याखालचा भाग जरा गडद. मी म्हटलं, क्षितिज असेल. त्या म्हणाल्या, "खोलीच्या आत क्षितिज? इथे ती बादलीवरून गेलीय, इथे माणसाच्या गुडघ्यावरून." मुद्दाम काढलेली एकही नव्हती.

आमचं भांडी बाजारात लहानसं दुकान आहे. आजोबा अजून गल्ल्यावर बसतात. सप्टेंबर २००८ च्या पुरात गोदावरी बाजारात शिरली तेव्हा मी सहावीत होतो. नाशिककर पूर फुटांत मोजत नाहीत, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात: कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. आजोबांनी स्वतःचं वेगळं माप केलं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जिथवर ओल होती तिथे त्यांनी खिळा ठोकला. आज त्या खिळ्याला बिलांची तार लटकते.

पाणी दोन दिवसांत गेलं, गाळ राहिला. तपेली, पराती हातासरशी धुऊन निघाल्या. अडचण होती ती घागरींची. पितळी घागरीचा गळा एवढा अरुंद, की मोठ्यांचा हात मनगटापाशी अडायचा. माझा कोपरापर्यंत जायचा. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आत हात घालायचा, बोटांनी गाळ ओरबाडायचा, मूठ बंद केली की हात अडकतो म्हणून चिमटीचिमटीने बाहेर काढायचा. आतलं काही दिसत नाही, सगळं बोटांनीच. वरची कड हाताला घासून लाल वळ उठायचा. वर्षभराने गिऱ्हाईकाला दाखवताना एका घागरीतून वाळलेल्या गाळाची खपली खळकन वाजली होती, आणि आजोबांनी सांगितलेल्या भावात पन्नास रुपये सोडले होते.

हे मला आठवत नव्हतं असं नाही. याचा चित्राशी काही संबंध असेल, हे सुचलं नव्हतं. पूर म्हणजे मला वाटायचं, वृत्तपत्रातला फोटो.

इथे खरं तर गोष्ट गोड व्हायला हवी. झाली नाही. विषय सापडला म्हटल्यावर मी त्याच्या मागे हात धुऊन लागलो. महिन्याभरात तीस चित्रं, प्रत्येकात रेघ, आता अगदी पट्टीने मारल्यासारखी. नदीवर जाऊन गाळच आणला आणि रंगासारखा कागदावर लावला. वाळल्यावर तडे गेले आणि पोपडे गादीवर पडले. आईने दोनदा गादी झटकली. मातीला धरून ठेवायला डिंक लागतो, हे पहिल्या वर्षाचं ज्ञान मी भावनेच्या भरात विसरलो होतो. नंतर गाळ पाण्यात कालवून, जड वाळू खाली बसू देऊन, वरचं गढूळ पाणी मलमलीतून गाळून, खाली बसलेली बारीक माती डिंकाच्या पाण्यात घोटली, तेव्हा ती टिकली. पण मॅडम म्हणाल्या ते टिकाऊपणाबद्दल नव्हतंच. "गाळ आणलास म्हणून अर्थ आला का? आधीच्या रेघा तुझ्या होत्या. या तू ओळखलेल्या रेघा आहेत." तीसपैकी सहा ठेवली. नकळत येणारी गोष्ट कळल्यावर काय करायचं, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. मी काही दिवस रेघ सोडून नुसत्या घागरींचे गळे काढले, त्याने जरा मोकळं वाटलं.

मैत्रिणीची गोष्ट याच्या उलट आहे. तिच्या घरची द्राक्षबाग. ती काढायची एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची बाग: पानं नाहीत, घड नाहीत, उघडे ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या), लोखंडी अँगल आणि तारा, तारा, तारा. येणारा प्रत्येक पाहुणा मान डोलावून म्हणायचा, "शेतकऱ्याचं दुःख छान आलंय." एकाने तर तिला मनोगतात कर्जाचा उल्लेख कर म्हणून सुचवलं. ती वैतागून म्हणाली, "छाटणी झाली की आमच्याकडे सगळे खूश असतात. मला तारांमधली मोकळी जागा आवडते. एवढंच आहे." तिने ते 'एवढंच' लिहिलं आणि कुणाच्या दबावाखाली दुःख वाढवलं नाही. आमच्या बॅचचं सगळ्यात प्रामाणिक मनोगत तेच होतं, असं माझं मत आहे. तुम्ही गावाकडून आलात, वस्तीतून आलात, मुलगी आहात, की लोक तुमच्यासाठी अर्थ तयार करून ठेवतात. तो घ्यायलाच हवा असं नाही.

आता लिहिण्याबद्दल. मनोगत कसं असावं याचा माझा आवडता नमुना नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. स्केचिंगच्या सहलीत सरांनी त्याचा अर्थ सांगितला होता: तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, दिले; ते गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले, दोन हजार एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने; दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी वर्षाला प्रत्येकी बारा. पुण्याईबद्दल तो बढाया मारतो, नाही असं नाही. पण काय दिलं, किती, कुठे ठेवलं, कुणासाठी, हे इतकं रोखठोक आहे, की जवळपास दोन हजार वर्षांनी हिशोब जुळवता येतो. आपल्या मनोगतातून वर्षभराने आपल्यालाच काही जुळत नाही.

म्हणून ज्युनियर्सना सांगतो, पहिल्या वाक्यात दिसणारी वस्तू लिहा. माध्यम लिहा आणि तेच का, हे खरं लिहा. तैलरंग परवडत नव्हते हेही कारण असतं. शंभर-सव्वाशे शब्द पुष्कळ झाले. अस्तित्व, प्रवाह, द्वंद्व, अवकाश, 'शोधण्याचा प्रयत्न' हे शब्द आले की पेन खाली ठेवा. आधी घरी बोलतो त्या मराठीत लिहा, इंग्रजी लागणारच असेल तर नंतर करा. इंग्रजीत आपण सगळेच एकाच माणसासारखे बोलतो. आणि लिहिण्याआधी चित्र कलेतल्या नसलेल्या एखाद्याला दाखवा. काही न सांगता फक्त विचारा, काय दिसतंय? उत्तर मध्येच दुरुस्त करू नका. इथे सगळेच चुकतात, मीही चुकतो.

चित्र करतानाच वहीत तारीख आणि दोन ओळी टाकत जा. "आज निळा संपला", "उजवा कोपरा तीनदा पुसला" एवढंही चालतं. अर्थ नंतर त्या पुसलेल्या कोपऱ्यातच निघतो. व्हायवात माहीत नसेल तर "हे मला अजून कळलेलं नाही, पण हे वारंवार येतंय" असं म्हणा. माझ्या पाहण्यात तरी त्याने कुणाचे मार्क गेले नाहीत. डिस्प्लेला चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास ठेवा आणि मनोगत इतकं खाली लावू नका की वाचायला वाकावं लागेल.

व्हायवा झाला त्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पुन्हा मोठा पूर आला. डिसेंबरात आम्ही बॅचच्या मुलांनी मिळून प्रदर्शन केलं. आजोबा दुकान बंद झाल्यावर आले, टोपी काढून आधी मनोगत वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, मग चित्रांपुढे उभे राहिले. बऱ्याच वेळाने तळहात आडवा धरून स्वतःच्या खांद्याशी नेला. "रेघ खाली आलीय. पाणी इथवर होतं." मी म्हटलं, आजोबा, ते चित्र आहे. "असू दे ना," ते म्हणाले. "पण या कागदात पूर आहे, स्मृती आहे, शहर आहे. घागरी कुठंयत? काढल्या तर तूच होत्या साफ."

रेघा मी तशाच ठेवल्या. कागद मात्र रात्री काढला आणि सकाळी नवा लावला. त्याची पहिली ओळ: "२००८ च्या पुरानंतर आमच्या दुकानातल्या घागरींमधला गाळ मी काढला, कारण घरात फक्त माझाच हात त्यांच्या गळ्यातून आत जात होता."