बीआरटीचा चौक आखताना या चुका टाळा

बीआरटीचं, म्हणजे बससाठी वेगळी लेन राखलेल्या रस्त्याचं, ड्रॉइंग तपासायला आलं की मी आधी चौकाचं पान काढतो. दोन चौकांमधली लेन कुणालाही आखता येते. 3.5 मीटर रुंदी धरायची, रेलिंग दाखवायचं, झालं. बस अडते ती चौकात आणि धडकही बहुतेक वेळा तिथेच होते. तरी नवे इंजिनिअर चौकाचं काम शेवटच्या दोन दिवसांवर ढकलतात आणि जुन्या ड्रॉइंगवर लाल पट्टा ओढून मोकळे होतात. याचा मला मनापासून राग येतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे लेन नवी आणि सिग्नल जुना.

आपल्याकडे मोठ्या चौकांत एका बाजूची सगळी वाहनं एकदम सोडायची पद्धत आहे, सरळ जाणारी आणि उजवीकडे वळणारीही. वळणारा दुभाजकाला चिकटून उभा असतो, त्याच्या उजव्या हाताला कुणी नसतं. बसची लेन मधोमध आली की तिथे बस येते. तिला सरळ जायचंय, याला तिच्यासमोरून वळायचंय आणि हिरवा दिवा दोघांना एकाच क्षणी मिळतो.

पुण्यातल्या एका चौकात हे मी स्वतः पाहिलं. त्या ड्रॉइंगवर माझीही सही होती. लेन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी सव्वानऊला मी कोपऱ्यावर उभा होतो. सिग्नल सुटला, रिक्षा वळली आणि मागून बस सरळ आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. रिक्षा वाचली, पण बसमध्ये उभी असलेली माणसं एकमेकांवर आदळली. एका बाईंचं कपाळ दांड्यावर आपटलं. त्यांचा डबा उघडून मटकीची उसळ सीटखाली सांडली होती. एका हाताने कपाळाला रुमाल लावून त्या दुसऱ्या हाताने पोळ्या गोळा करत होत्या. तेव्हापासून सिग्नलचा तक्ता सोबत नसेल तर मी चौकाच्या ड्रॉइंगवर सही करत नाही.

त्यानंतर आम्ही जे केलं, तीसुद्धा चूकच होती. बसला वेगळी फेज, म्हणजे हिरव्या दिव्याची वेगळी पाळी दिली, मग उजव्या वळणांना वेगळी. चाराच्या सहा झाल्या. प्रत्येक फेज बदलताना पिवळा आणि सगळीकडचा लाल मिळून 5 सेकंद गेले असं धरा. सहा फेजचे 30 सेकंद होतात. सगळ्या फेजची एक फेरी म्हणजे सायकल. 120 सेकंदांच्या सायकलमध्ये पाव वेळ चौकात कुणीच हलत नाही. मग सायकल वाढवून 180 ची करतात आणि जिच्यासाठी एवढा रस्ता खोदला ती बसच लाल दिव्यापाशी ताटकळते. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा बीआरटी मार्ग 2008 मध्ये सुरू झाला. चिराग दिल्लीच्या चौकातल्या रांगांनी लोकांचं मन त्याच्यावरून उडालं आणि 2016 मध्ये तो उखडायला घेतला.

त्यामुळे जिथे जमेल तिथे मुख्य रस्त्यावरून उजवं वळण बंद करा, असंच मी सांगतो. पण पुढे दोनशे-तीनशे मीटरवर दुभाजक फोडून यू-टर्न दिला म्हणजे काम झालं असं समजू नका. यू-टर्न घेणाराही बसच्या लेनवरूनच जातो. तिथे सिग्नल हवा आणि वळायला थांबलेल्यांसाठी वेगळी जागाही हवी. त्यापेक्षा चौक ओलांडून पुढे जाऊन तीन डावी वळणं घ्यायला लावणं बरं. कोलंबियातल्या बोगोटात वाहनं उजवीकडून चालतात, तिथे आपल्या उलट डावं वळण अडचणीचं. 2000 मध्ये ट्रान्समिलेनिओ ही तिथली बीआरटी सुरू झाली त्या अवेनिदा काराकासवर हाच मार्ग धरला आहे. अर्थात, त्यासाठी आजूबाजूच्या गल्ल्यांना तेवढी रुंदी हवी. ती आहे का हे गूगलच्या नकाशावरून कळत नाही. टेम्पो, हातगाड्या, शाळेच्या व्हॅन कुठे उभ्या राहतात ते सकाळी आठला तिथे पायी फिरून बघावं लागतं.

दुसरी चूक स्टेशनच्या जागेची. प्रवाशांना सोयीचं म्हणून स्टेशन स्टॉप लाइनला चिकटवतात. माणसं चढत असतानाच हिरवा निघून जातो. दारं बंद होतात तेव्हा लाल लागलेला असतो. पुढे सरकायला जागा नाही, म्हणून ती बस फलाटालाच उभी राहते आणि मागची तिच्या मागे. बस 12 मीटरची. दोन बस आणि मधलं अंतर धरून 26-27 मीटर होतात, म्हणून मी 40 मीटरच्या आत स्टेशन येऊ देत नाही. लोकांना लांब पडतं ही तक्रार खरी आहे. पण फलाट 900 मिलिमीटर उंच असेल, तर 1:12 च्या उताराने (12 मीटर लांबीत 1 मीटर चढ) रॅम्पच जवळपास 11 मीटरचा लागतो. झेब्रापासून मधल्या पट्ट्यातून पायवाट आणि मग रॅम्प असं केलं की ते अंतर वाया जात नाही. जागा पुरत नाही म्हणून रॅम्प 1:8 चा करणाऱ्यांना मी एकदा व्हीलचेअर ढकलून बघायला सांगतो.

झेब्राचा हिरवा वेळ अंदाजाने देऊ नका. चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरला तरी 24 मीटरला 20 सेकंद लागतात आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना त्याहून जास्त.

बसचा सिग्नल इतरांसारखाच गोल दिव्यांचा ठेवू नका. शेजारचा दुचाकीवाला तो स्वतःचा समजून निघतो.

रेलिंग जिथे संपतं तिथेच दुचाकी लेनमध्ये घुसतात. वॉर्डनच्या भरवशावर राहू नका, तो जेवायला जातोच.

दापोडी-निगडी रस्त्यावर जलद मार्गिका आणि सेवा रस्ता यांच्या मध्ये बसची लेन आहे. तिथलं प्रत्येक मर्ज-इन आणि मर्ज-आउट, म्हणजे जलद मार्गिकेत शिरायची आणि तिच्यातून निघायची जागा, बसच्या वाटेवरून जातं. अशा जागेला ड्रॉइंगमध्ये चौक म्हणत नाहीत, म्हणून तपासताना ती निसटते. मी तिलाही चौकासारखाच नंबर देतो.

आणि उद्घाटनानंतरचा पहिला आठवडा रजा टाकू नका. पहिले चार दिवस मी सकाळी आठ ते अकरा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर घड्याळ आणि वही घेऊन बसतो. प्रत्येक हिरव्यात किती बस सुटल्या, किती राहिल्या ते लिहितो आणि शुक्रवारी सिग्नलचे सेकंद बदलून घेतो.