मराठीतला द्वेष शोधणारं मॉडेल करताय? या चुका टाळा

प्रक्षोभक पोस्ट ओळखायचं मॉडेल करायला आलेली मुलं पहिल्याच दिवशी ट्रेनिंग लावतात, डेटा उघडून वाचत नाहीत. माझा राग त्या घाईवर आहे.

सगळ्यात महागात पडते ती साफसफाई. इंग्रजीसाठी लिहिलेली विरामचिन्हं काढायची स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलली जाते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं, मजकुरात शोधाशोध करायचं नेहमीचं ‘आरई’ मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षरांत धरत नाही, म्हणून स्वल्पविरामाबरोबर तेही उडतात. आमच्या एका प्रकल्पात तीन आठवडे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. धमक्यांच्या यादीत मोराचे फोटो टाकणारी माणसं दिसायला लागली, तेव्हा मी फाइल उघडली. ‘मोर’, ‘मीरा’, ‘मारा’, ‘मरू’, सगळ्यांचं ‘मर’ झालं होतं आणि ‘शांतता’चं ‘शतत’. ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. बहुभाषिक बर्ट, म्हणजे गूगलचं अनेक भाषांवर शिकवलेलं तयार मॉडेल, त्याची ‘अनकेस्ड’ (इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक न करणारी) आवृत्तीही उकार, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह असंच गाळते. ती मराठीला लावूच नका. तेव्हापासून साफ केलेल्या पन्नास ओळी मी मोठ्याने वाचते. जीभ अडखळली की स्क्रिप्ट बदलायची.

दुसरी चूक शिव्यांच्या यादीची. जातिवाचक शिवी दिसली की पोस्ट द्वेषाची, असं ठरवलं तर ज्याला ती शिवी ऐकावी लागली त्याची तक्रारच आधी गायब होते. उलट ‘त्यांच्या दुकानातून काही घेऊ नका’ यात एकही शिवी नाही, म्हणून ते सुटतं. मी प्रत्येक शब्दासाठी शिवी देणाऱ्यांची दहा आणि सोसणाऱ्यांची दहा वाक्यं जमवते. पोस्ट द्वेषाची की नाही हे लेबल लावणाऱ्यांत त्या समाजातलं एक तरी माणूस हवंच. मतभेद झाला तर बसून बोलायचं, बहुमताने मिटवायचा नाही.

बाकीचं थोडक्यात. रोमन लिपीतली मराठी वगळू नका; ‘तुला बघतो’ तिथे चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाचा 2022 चा महाहेट हा लेबल लावलेला डेटासंच चांगला आहे, 25 हजारांहून जास्त ट्वीट आहेत, पण ती ट्वीटच. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लांबलचक फॉरवर्डला तेवढ्यावर भागत नाही. एकाच खात्याच्या पोस्ट ट्रेनिंग आणि चाचणी दोन्हीकडे ठेवू नका. हजारात वीसच पोस्ट द्वेषाच्या असतील तर सगळ्यांना ‘ठीक’ म्हणणारं मॉडेलही 98 टक्के अचूक ठरतं. मला त्या विसांपैकी किती सापडल्या ते सांगा.