एल्कसाठी रायफल आणि काडतूस कसं निवडावं

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीसाठी कायद्याने किमान .२४ कॅलिबरची (०.२४ इंच व्यासाची) आणि ८५ ग्रेनची (सुमारे साडेपाच ग्रॅम वजनाची) गोळी लागते, पण तेवढ्यावर भागवू नका. मोठा नर ३०० किलोच्या वर भरतो. खांद्याचं हाड फोडून फुफ्फुसापर्यंत पोचणारी गोळी हवी. .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे काडतूस आणि १८० ग्रेनची बॉन्डेड (शिशाचा गाभा बाहेरच्या आवरणाला घट्ट जोडलेली) किंवा तांब्याची गोळी, ही आमची पहिली पसंती. हरणासाठीची मऊ गोळी जवळून झाडली तर वरवरच फुटते आणि जखमी जनावर निसटतं. हे टाळायलाच हवं. मॅग्नम रायफलचा (जास्त ताकदीचं काडतूस वापरणारीचा) धक्का सोसत नसेल तर ती घेऊच नका, भीतीने ट्रिगर झटकला जातो. १०० यार्डांवर गोळी २ इंच वर लागेल अशी दुर्बीण जुळवा. मग २०० यार्डांवर नेम बरोबर बसतो, ३०० वर गोळी साधारण ८-९ इंच खाली उतरते.