मागचे ड्रम ब्रेक: पहिल्यांदा दाबला की पेडल खोल जायचं

लक्षण असं: पहिल्या दाबाला पेडल खोल, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि कडक. हँडब्रेकही फार वर ओढावा लागे. ब्रेक ऑइल बदलून हवा काढली, हँडब्रेकची केबल ताणली, फरक शून्य. वैताग आला होता.

दोष निघाला गंजून जाम झालेल्या ॲडजस्टरमध्ये, म्हणजे ब्रेकचे शू (ड्रमला आतून दाबणारे कमानीसारखे भाग) ड्रमजवळ ठेवणाऱ्या आटेदार दांड्यात. शूवरचे लायनर (घासणारं अस्तर) झिजत गेले, पण ॲडजस्टर फिरतच नव्हता, त्यामुळे शू ड्रमपासून लांब राहत होते.

पुढच्या चाकांना अडण लावून हँडब्रेक सोडला, गाडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर कधीच नको). आधी केबल पूर्ण सैल केली. ड्रम निघेना, तेव्हा त्याच्यावरच्या आटे असलेल्या दोन भोकांत बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळून तो बाहेर ढकलला. आतली धूळ फुंकायची नाही. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची. ॲडजस्टरचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात दिला. डावा-उजवा अदलाबदल करू नका, आटे उलटे असतात. ड्रम बसवून चाक फिरवताना किंचित घासेल इतकाच ॲडजस्टरचा चक्री नट (दातेरी चाकासारखा नट) फिरवला. दोन्ही बाजू झाल्यावर पेडल बऱ्याचदा दाबलं आणि केबल सर्वांत शेवटी ताणली.

आता पेडल पहिल्याच दाबाला वर थांबतं.