घरातील वृद्धांचे विसरणे: वयावर ढकलण्यापूर्वी काय पाहावे

गावाकडचे सत्तरीपुढचे आई-वडील वस्तू कुठे ठेवली ते विसरू लागले, तेच तेच विचारू लागले, की ‘वय झाले’ म्हणून विषय मिटवला जातो. वास्तविक खचलेले मन, ऐकू न येणे, मोतीबिंदू आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही माणूस विसराळू वाटू शकतो, आणि या सगळ्यांवर उपचार आहेत.

प्रथम हा बदल कधीपासून झाला ते आठवावे. स्मृतिभ्रंश बहुधा महिने-वर्षे घेत हळूहळू वाढतो. जोडीदार गेल्यानंतर किंवा जमिनीच्या वाटणीवरून घरात बिनसल्यानंतर विसरणे सुरू झाले असेल, आणि ‘मला काही आठवतच नाही’ अशी तक्रार ती व्यक्ती स्वतःच करत असेल, तर नैराश्याची शंका घ्यावी. अर्थात दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. एक-दोन दिवसांतच माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मात्र घरी थांबू नये. जंतुसंसर्ग, घटलेले सोडियम किंवा उतरलेली साखर हे कारण असू शकते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

‘मी उदास आहे’ असे आपल्याकडची म्हातारी माणसे सहसा म्हणत नाहीत. करमत नाही, अंगात त्राण नाही, जेवण गोड लागत नाही, पहाटे तीनलाच जाग येते, असे त्यांच्या बोलण्यात येते. नेमाने भजनाला जाणारा माणूस दोन आठवडे घराबाहेर पडला नाही, तर त्याची दखल घ्यावी.

स्मरणशक्ती तपासताना इंग्रजी तारीख किंवा वजाबाकी विचारणे हा शाळा न पाहिलेल्यांवर अन्याय आहे. हरियाणातील बल्लभगढ येथील संशोधकांनी याच कारणासाठी १९९०च्या दशकात निरक्षर वृद्धांना साजेशी हिंदी चाचणी तयार केली. घरी आपणही सहज गप्पांच्या ओघात आज वार कोणता, मराठी महिना कोणता, शेतात सध्या काय उभे आहे, हे विचारावे; परीक्षा घेत आहोत असे वाटू देऊ नये. यावरून निदान होत नाही. माझ्या मते अधिक बोलकी असतात ती रोजची कामे: डेअरीत दूध घालून हिशेब ठेवणे, भाजीत मीठ एकदाच पडणे, ओळखीच्या वाटेने घरी परतणे. जन्मभर केलेले काम चुकू लागले, तर कोणते आणि कधीपासून, हे वहीत लिहावे.

डॉक्टरांकडे ही वही आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, कारण झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि लघवीच्या तक्रारींवरील काही गोळ्यांनीही बुद्धी मंदावते. स्वतःहून मात्र कोणतीही गोळी बंद करू नये. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासण्याविषयी विचारावे. मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते. कानही तपासून घ्यावेत, कधी कधी नुसता मळच साचलेला असतो. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना महाराष्ट्रात एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे निदान त्यांच्या तिकिटाचा खर्च अडसर ठरू नये.

‘देवाने आता न्यावे’ हे वाक्य गावात सवयीनेही उच्चारले जाते. तरीही ते वारंवार येऊ लागले, किंवा माणूस निरवानिरव करू लागला, तर मरणाचे विचार येतात का, हे शांतपणे थेट विचारावे, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवावेत, त्याला एकटे सोडू नये आणि १४४१६ या टेली मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) मोफत क्रमांकावर फोन करावा; तिथे रात्रीही मराठीत बोलता येते.