सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या बोअरचा नमुना धातूंसाठी कसा घ्यावा

बोअरच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास आहे आणि रिपोर्टात तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम ‘आढळले नाही’, तर लगेच निश्चिंत होऊ नका. ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड करतात, हा वास त्याचाच. हे धातू त्याच्याशी जुळून जवळपास न विरघळणारा साका धरतात आणि गाळात, खडकाच्या भेगांत बसतात. नाशिकच्या अंबड-सातपूरसारख्या, प्लेटिंगचे (धातूचा मुलामा चढवण्याचे) कारखाने असलेल्या भागात ही शक्यता धरूनच चालावे. मँगनीज मात्र असे सहसा बसत नाही, आणि आर्सेनिक सल्फाइडसोबत विरघळणारी संयुगे करून पाण्यातच राहू शकते.

नमुना टाकीतून किंवा बादलीतून घेऊ नका. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरमागे सुमारे 21 लिटर पाणी मावते. पाण्याची उंची 70 मीटर असेल तर साठा दीड हजार लिटरच्या आसपास, आणि असे तीन साठे, म्हणजे साडेचार हजार लिटर, आधी उपसायचे. त्यानंतर पाच-पाच मिनिटांनी पीएच आणि विद्युतवाहकता मोजा. सलग तीन वेळा पीएच 0.1 च्या आत आणि वाहकता 3 टक्क्यांच्या आत राहिली की बाटली लावा. सुरुवातीला येणारे काळे कण बहुधा लोह सल्फाइडचे असतात आणि बऱ्याचदा ते केसिंगच्या (बोअरमधल्या लोखंडी पाइपाच्या) गंजण्यातून आलेले असतात. त्यांना जमिनीतले लोह समजू नका.

आता खरी गोम. धातूंची बाटली जागेवरच गाळा, तीही पंपाच्या नळीला 0.45 मायक्रॉनचा फिल्टर थेट जोडून. घरी आणून गाळायला गेलात तर वाटेत हवा लागून विरघळलेले लोह तांबडा साका होते, आर्सेनिकही ओढून घेते, आणि सगळे फिल्टरवर अडकते. रिपोर्ट मग खोटाच स्वच्छ. पाणी दुधाळ झाले तर सल्फाइडचे गंधक झाले, म्हणजे हवा शिरली. नमुना पुन्हा घ्या. उलटा धोकाही आहे. लोह सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण फिल्टरमधून निसटून ‘विरघळलेले’ म्हणून मोजले जातात. म्हणून एक बाटली न गाळलेली घेऊन दोन्हींची तुलना करा.

गाळलेल्या 500 मिलीत 1 मिली संहत नायट्रिक आम्ल घाला आणि पीएच 2 च्या खाली गेल्याची खात्री करा. अल्कधर्मी पाण्याला जास्त लागते. आम्ल पडताच हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, तेव्हा हे काम मोकळ्या हवेतच करा. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे नाही, जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो.

आर्सेनिकचा प्रश्न वेगळा. सल्फाइड जास्त असलेल्या पाण्यात आम्ल घातल्यावर आर्सेनिकचा पिवळा साका पडू शकतो. प्रयोगशाळेला आधी कळवा. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने सल्फाइड आधी सल्फेटात बदलून मगच आम्ल घालता येते.

सल्फाइडसाठी तिसरी बाटली. तिच्यात आधी झिंक अॅसिटेट (सल्फाइड धरून ठेवणारे रसायन) घाला, पाणी हळू भरा, कॉस्टिक सोड्याने पीएच 9 च्या वर न्या, वर हवेचा बुडबुडा न ठेवता झाकण लावा आणि बर्फात ठेवा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 10500 मधली सल्फाइडची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे.

अशा बोअरमध्ये छतावरचे पावसाचे पाणी सोडण्याचा बेत असेल तर त्याआधी आणि त्यानंतरही हेच नमुने घ्या. त्या पाण्यासोबत ऑक्सिजन खाली जातो, सल्फाइडचा साका फुटतो आणि गाळातले धातू पुन्हा पाण्यात उतरू शकतात.