चेहरा आठवत नाही? तरी जबाब नीट देता येतो

पेपरातली बेपत्ता माणसाची जाहिरात वाचा: रंग गव्हाळ, बांधा मध्यम, चेहरा उभट, नाक सरळ. यात माझे दोन मेहुणे बसतात, बहुधा तुम्हीही. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि पोलिसांनी बोलावलं की संशयिताचं रेखाचित्र काढून देतो. समोर बसलेला साक्षीदार हमखास म्हणतो, "सर, माझ्या चेहरेच लक्षात राहत नाहीत."

बहुतेकांच्या नाहीच राहत. अनोळखी माणूस दोन-चार सेकंद दिसला तर केस आणि चेहऱ्याची ठेवण तेवढी डोक्यात उतरते. त्याच्या हातात चाकू असला तर नजर चाकूवरच खिळते. म्हणून नाकापासून सुरुवात करू नका.

११२ला फोन झाला, कुणाला लागलंय का ते पाहिलं, की कागद घ्या आणि एकट्याने लिहा. शेजारच्या पानवाल्याशी बोलण्याआधी. तो "दाढी होती ना हो त्याला?" म्हणाला की संध्याकाळपर्यंत तुमच्याही चोराला दाढी फुटते. डोळे मिटा. आपण कुठे उभे होतो, ऊन कुठून येत होतं, कानावर काय पडत होतं, तिथून सुरू करा आणि फुटकळ वाटेल तेही उतरवा. ही माझी युक्ती नाही. फिशर आणि गायझलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात साक्षीदारांसाठी बसवलेल्या पद्धतीचा हा गाभा आहे.

मग चेहऱ्याकडे या, पण तो माणूस काय करत होता त्या वाटेने. मंगळसूत्र हिसकावलं गेलेल्या एका बाईंना मी विचारलं, नाक कसं होतं? "नाकासारखं नाक." पुढे शब्द नाही. मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, पत्ता विचारताना तो कसा बोलत होता? "ओठ मिटत नव्हते हो नीट. सारखी जीभ फिरवत होता दातांवरून." झालं! पुढे आलेले दात, आखूड वरचा ओठ, त्याखाली आत गेलेली हनुवटी, असं एकेक त्या स्वतःच सांगत गेल्या. नुसतं "दात कसे होते?" विचारलं असतं तर "साधे" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या.

ओळखीतल्या कुणासारखा वाटला असेल तर जरूर सांगा, पण फरक काय तेही लगेच सांगा: "आमच्या दूधवाल्यासारखा, पण गालफडं बसलेली." उंची फुटांत सांगू नका. शटरपाशी उभा होता तेव्हा डोकं कुठवर आलं, ते दाखवा.

आणि जे पाहिलं नाही ते "पाहिलं नाही" असंच लिहायला लावा. जबाब वाचून दाखवतात तेव्हा कान देऊन ऐका. तुम्ही न बोललेलं "नाक सरळ" त्यात घुसलं असेल तर काढायला सांगा. संकोच कसला?

चेहरा पक्का लक्षात आहे असं वाटणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. १९८४ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात अत्याचार झालेल्या एका विद्यार्थिनीने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम निरखून ठेवला होता. तिने आधी फोटोंतून आणि मग रांगेतून रोनाल्ड कॉटनला ओळखलं. तो दहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता. १९९५मध्ये डीएनए चाचणीने खरा गुन्हेगार दुसराच असल्याचं सिद्ध झालं.

ओळख परेडला बोलावलं तर हे डोक्यात असू द्या. रांगेत सारख्या दिसणाऱ्या डमींमध्ये संशयित उभा असतो, पण संशयित म्हणजे गुन्हेगार नव्हे. "त्यातल्या त्यात हाच" असं वाटत असेल तर बोट दाखवू नका. "यात नाही" किंवा "खात्री नाही" हे पूर्ण उत्तर आहे. परेडीआधी व्हॉट्सॲपवर फिरणारा आरोपीचा फोटो पाहू नका. कुणी दाखवलाच असेल, अगदी पोलिसाने का असेना, तर परेड घेणाऱ्या दंडाधिकाऱ्यांना ते आधी सांगा. बचावाचा वकील नंतर कोर्टात पहिला प्रश्न तोच विचारतो.